पिंपातलं डिझेल आणि गोव्याचा पाऊस

जुलैची रात्र. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की कौलांवरचा आवाज ऐकून माणूस बोलायचंच थांबतो. वीज संध्याकाळीच गेली होती. जनरेटर सुरू केला, दहा मिनिटं नीट चालला, मग आवाज घोगरा झाला, पांढरा धूर ओकला आणि बंद पडला. टाकीत डिझेल होतं. चार दिवसांपूर्वीच पिंपातून काढून मीच भरलं होतं.

सकाळी वाळपईहून मेकॅनिक आला. त्याने काही खोललं नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि खाली चहाचा काचेचा ग्लास धरला. ग्लासात आधी उतरलं ते स्वच्छ, बिनरंगी. त्यावर पिवळसर डिझेल तरंगायला लागलं आणि मध्ये तपकिरी, शेंबडासारखी एक पट्टी. ग्लास उजेडाकडे धरून तो म्हणाला, "हातूंत उदक आसा मरे!"

पाणी आलं कुठून? पिंपाचं बूच मी स्वतः पान्याने आवळलं होतं. पिंप उभं होतं पन्हळीपासून हातभर अंतरावर, पावसात, पण बंद. या प्रश्नाचं उत्तर शोधताना डिझेल साठवण्याबद्दल जे कळलं ते इथे लिहितो. भाट म्हणजे माडा-झाडांची बाग आहे, कुळागर म्हणजे पोफळीची बाग आहे, पंपसेट किंवा जनरेटर आहे, अशा प्रत्येकाला ते कधी ना कधी लागणार. डिझेल ठेवायचं म्हटलं की सगळे आगीची भीती घालतात, आणि ती रास्तच आहे. पण आपल्याकडच्या हवेत डिझेलचा रोजचा शत्रू पाणी आहे, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आधी हिशेब: लागतं किती?

मी पिंप घेतलं ते मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर. तेव्हा किती गावांत किती दिवस काळोख होता ते आठवत असेल. त्या धसक्याने बऱ्याच जणांनी दोनशे लिटरची पिंपं आणून ठेवली. धसक्यात केलेली खरेदी सहसा गरजेपेक्षा मोठी असते.

पाच एचपीचं डिझेल इंजिन पूर्ण भाराला तासाला साधारण एक लिटर पितं. पोफळीला एक दिवसाआड तीन तास पाणी लावलं तर महिन्याला पंचेचाळीस-पन्नास लिटर. घरचा पाच केव्हीएचा जनरेटर दिवे, फ्रिज, विहिरीचा पंप एवढं ओढत असेल तर तासाला दीड लिटरच्या आसपास. पावसाळ्यात सलग चार दिवस वीज नाही आणि रोज तीन तास तो चालवला, तरी अठरा लिटर. म्हणजे जानेवारी ते मे महिन्याला वीस लिटरचे दोन-तीन कॅन आणि पावसाळ्यात एक कॅन, एवढ्यात छोट्या भाटाचं भागतं. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे चार महिन्यांचा साठा. पंपावरच्या चार फेऱ्या वाचवण्यासाठी आपण ते डिझेल जुनं करतो.

डिझेल जुनं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. बंद, सावलीत, कोरड्या जागी ते सहा महिने ते वर्षभर चांगलं राहतं. उष्णता, हवा आणि ओल यांनी ती मुदत कमी होत जाते, आणि ही तिन्ही आपल्याकडे भरपूर. हवेतल्या ऑक्सिजनने त्यात हळूहळू डिंकासारखा चिकटा तयार होतो, रंग गडद होतो आणि तो चिकटा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. गोव्यात याचं गणित आणखी उलटं आहे. डिझेल खपतं उन्हाळ्यात, शिंपण्याच्या दिवसांत. मिरग लागला की पंप बंद, आणि जे उरलं ते नेमकं सर्वांत ओल्या चार महिन्यांत पडून राहतं. म्हणून माझा आताचा नियम असा, की मिरगाच्या आत पिंप रिकामं आणि पावसाळ्यासाठी वीस लिटरचा एक ताजा कॅन. कॅनवर मार्करने तारीख. आधीचं आधी वापरायचं, जसं तांदळाचं करतो.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो, कारण इथे लोक विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण बिनधास्त असतात.

पेट्रोलियम कायदा १९३४ चा, त्याखालचे सध्याचे नियम २००२ चे. अंमलबजावणी पेसो या केंद्रीय संस्थेकडे, तिचं मुख्यालय नागपूरला. कायद्याने इंधनांचे तीन वर्ग केले आहेत, आणि ते ठरतात फ्लॅश पॉइंटवर. द्रवातून इतकी वाफ निघायला लागते की वर ज्योत नेली तर ती क्षणभर भडकते, ते सर्वांत कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. २३ अंशांच्या खाली तो असेल तर ‘अ’ वर्ग, पेट्रोल त्यात. २३ ते ६५ मध्ये असेल तर ‘ब’, डिझेल त्यात. ६५ ते ९३ हा ‘क’.

‘ब’ वर्गाचं इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं आणि नेता येतं, अट एवढीच की कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसावं. म्हणजे आपलं एक पिंप कायद्याच्या कितीतरी आत आहे. पेट्रोलचं तसं नाही. ते विकण्यासाठी नसेल तरच, आणि तेही जास्तीत जास्त ३० लिटर. ग्रासकटरसाठी पेट्रोल ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि परवान्याशिवाय ठेवता येतं याचा अर्थ वाड्यावर सुटं विकता येतं असा होत नाही. शेजाऱ्याला नडीला पाच लिटर देणं वेगळं, भाव लावून विकणं वेगळं.

‘डिझेल पेटत नाही’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. सांडलेल्या थंड डिझेलवर काडी टाकली तर बहुधा विझते, हे खरं. पण एप्रिलच्या दुपारी उन्हातल्या पिंपाला हात लावून बघा, चटका बसतो. आणि तेच डिझेल गोणपाटात, चिंधीत किंवा सुक्या पातेऱ्यात मुरलं की समईच्या वातीसारखं जळतं.

बूच घट्ट, तरी पाणी आत

आता माझ्या पिंपाकडे येऊ.

लोखंडी पिंप उभं असेल तर त्याच्या वरच्या झाकणाला कडेने बोटभर उंच कठडा असतो. पाऊस पडला की ते झाकण ताट होतं. त्यात पाणी साचतं आणि दोन्ही बुचं, दोन इंची मोठं आणि पाऊण इंची लहान, त्या पाण्यात बुडतात. इथवर सगळ्यांना दिसतं. पुढचं दिसत नाही.

पिंप श्वास घेतं. ऊन पडलं की आतलं डिझेल आणि त्यावरची हवा दोन्ही फुगतात. दोनशे लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं तर दीड लिटरच्या आसपास वाढतं. वाढलेला दाब बुचाच्या आट्यांतून, जुन्या कडक झालेल्या वायसरच्या कडेने हवा बाहेर ढकलतो. मग अचानक सर येते. पिंप पाच मिनिटांत गार पडतं, आतला दाब कमी होतो आणि पिंप श्वास आत ओढतं. त्या क्षणी बुचावर साचलेलं असतं पाणी, म्हणून ते पाणीच ओढतं. एका वेळी चमचाभर. जून-जुलैत ऊन-पावसाचा हा खेळ दिवसातून चारदा चालतो. महिन्याभरात तळाला लिटरभर पाणी जमायला कुणी चोर यावा लागत नाही.

पिंप पावसात नसलं तरी श्वास थांबत नाही, फक्त मग ते दमट हवा आत घेतं. रात्री ती हवा रिकाम्या भागाच्या गार पत्र्यावर दवासारखी धरते आणि थेंब खाली उतरतात. म्हणूनच अर्धं रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा लवकर बिघडतं. आणि पाणी डिझेलपेक्षा जड. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८२० ते ८४० ग्रॅम, पाण्याचं हजार. त्यामुळे ते तळाला बसतं, आणि आपण नेमका तळाशीच पाइप घालून ओढतो.

पंपावरून मिळणारं डिझेल या बाबतीत चांगलं असतं. बीएस-६ (भारत स्टेज-६) या सध्याच्या इंधन मानकात किलोमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम पाणी चालतं. दोनशे लिटरच्या पिंपात हे धरून दोन-तीन मोठे चमचे होतात. बाकीचं लिटरभर आपण घरी घालतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की मला लाज वाटली. पिंप आडवं ठेवायचं, चिऱ्याच्या दोन ओळींवर, गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पाचर मारून. दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी आली पाहिजेत, म्हणजे ती आतून डिझेलने झाकलेली राहतात. मग वायसर कोरडा पडत नाही आणि श्वास घ्यायला हवा सापडत नाही. एखादं बूच झिरपत असेल तर तेही लगेच दिसतं. पिंप निम्म्याच्या खाली गेलं की हा फायदा संपतो. तेव्हा उरलेलं कॅनमध्ये काढून घ्यावं. आडवं ठेवायला जागाच नसेल तर उभं पिंप एका बाजूने चिऱ्याचा तुकडा घालून तिरकं करा, बुचांची रेघ उताराला आडवी येईल असं. पाणी खालच्या कडेला साचेल, बुचं कोरडी राहतील. वर एक जुनं घमेलं पालथं. घमेल्याचा उपाय शेजारच्या काकांचा, आणि ते तो तीस वर्षं करत आलेत. मला कधी विचारायचं सुचलं नाही.

आणि कधीही काठोकाठ भरू नका. उन्हाने फुगायला शंभरात पाच भाग जागा सोडायची. दोनशेच्या पिंपात एकशे नव्वद, वीसच्या कॅनमध्ये एकोणीस.

तो तपकिरी शेंबूड

ग्लासातली ती मधली पट्टी म्हणजे बुरशी. डिझेलमध्ये जगणाऱ्या बुरशी आणि जिवाणू असतात. त्यातली एक प्रसिद्ध म्हणजे हॉर्मोकोनिस रेझिनी. तिला राहायला पाणी लागतं आणि खायला डिझेल, म्हणून ती बरोबर दोघांच्या सीमेवर वस्ती करते, जशी आपल्याकडे पत्रादेवीला दुकानं. आपलं बारा महिन्यांचं ऊबदार, दमट हवामान तिला मानवतं. ती आम्ल सोडते, त्याने पिंपाचा तळ आतून गंजतो, आणि तिचे लगदे सुटून फिल्टर बंद करतात. इंजिन मरत मरत बंद पडतं, भार टाकला की गुरगुरतं, त्यामागे पुष्कळदा हीच असते.

पूर्वी डिझेल एवढं बिघडत नव्हतं असं जुने लोक म्हणतात. त्यात थोडं तथ्य असू शकतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, गंधक किलोमागे ५० वरून १० मिलिग्रॅमवर आलं. हवेसाठी उत्तम झालं. पण जास्त गंधकाचं डिझेल या जंतूंना थोडं अंगावरच जायचं. शिवाय डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळायचं धोरण आहे, २०३० पर्यंत पाच टक्क्यांचं लक्ष्य. आणि बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवतं. म्हणजे वडिलांच्या काळात पडवीत वर्षभर ठेवलेलं डिझेल चाललं, म्हणून आताचं चालेल असं धरू नये.

बुरशी मारायची औषधं मिळतात. माझं मत विचाराल तर ती शेवटी. पाणी नसेल तर बुरशी नाही. आणि पाणी ठेवून औषध घातलं तर मेलेली बुरशीही फिल्टरमध्येच जाते.

तपासायचं कसं? पंपवाले जमिनीखालच्या टाकीत पट्टी सोडताना तिच्या टोकाला एक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. ती लहान ट्यूबमध्ये विकत मिळते. नसेल तर लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, अगदी कोरडी. तळाचं अर्धा लिटर डिझेल तिच्यात काढा, तासभर हलवू नका. मग बरणीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. ढगाळ दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. तळाला वेगळा थर म्हणजे पाणी सुटलेलं आहे. काळे ठिपके किंवा तंतू म्हणजे पाहुणे आले. हे दर महिन्याला करा, पावसाळ्यात जनरेटर भरण्याआधी दर वेळी. मी फिल्टरखालचा तो स्क्रूही आता महिन्यातून एकदा स्वतःच सैल करतो.

पिंपातून काढताना हातपंपाचा पाइप तळापासून चार बोटं वर ठेवा. तळाचं ते तळालाच राहू दे.

कशात ठेवायचं

लोखंडी पिंप किंवा इंधनासाठी बनवलेला, मान्यताप्राप्त जाड प्लॅस्टिकचा कॅन. जस्ताचा मुलामा दिलेली जीआयची टाकी किंवा बादली नको. पाण्याला ती उत्तम, पण जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखे क्षार करतं आणि ते नोझलमध्ये जाऊन चिकटतात. तांब्या-पितळेचंही तसंच. घरचं तांब्याचं भाण कितीही मजबूत असलं तरी त्यात डिझेल नाही.

जुन्या जेरीकॅनचा आकार बघितला असेल: तीन मुठी आणि दोन्ही बाजूंना दाबलेली फुली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून इंग्रजांनी उचललेली रचना, नावातला ‘जेरी’ म्हणजे जर्मनच. ती फुली शोभेची नाही. डिझेल फुगलं की पत्रा तिथे ताण घेतो. तीन मुठींमुळे भरलेला एक कॅन दोघांना धरता येतो आणि रिकामे दोन एका हातात मावतात.

काजूच्या मोसमात पिंपांची टंचाई असते, तेव्हा एक चूक होते. डिझेलचं प्लॅस्टिकचं पिंप धुऊन, साबण लावून, उन्हात तापवून त्यात नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, भरतात. प्लॅस्टिकने डिझेल आत शोषलेलं असतं, ते धुऊन जात नाही. उलटही करू नका. आणि पाण्याच्या किंवा हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) बाटलीत डिझेल तर कधीच नको. मूल असो, पाहुणा असो, काळोखात बाटली हाताला लागली की माणूस झाकण उघडतो.

कुठे ठेवायचं

सावली, वारा, आणि चुलीपासून, राहत्या घरापासून निदान दहा पावलं लांब. चिऱ्याच्या भिंतींची, मंगळुरी कौलांची उघडी खोप याला पत्र्याच्या शेडपेक्षा चांगली, कारण दुपारी ती तापत नाही. डिसेंबर ते मे भोवतालचा पातेरा साफ ठेवा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर वणवे लागले होते, तेव्हा सुक्या पानांतून आग कशी सरकत येते ते बऱ्याच जणांनी पाहिलं.

जमीन मात्र आपली दगाबाज आहे. चिऱ्याचा दगड जाळीदार. वर सांडलेलं डिझेल दिसेनासं होतं म्हणजे गेलं असं नव्हे, ते खाली उतरलं. कुळागर उतारावर असतं, झर आणि विहीर खालच्या अंगाला. थोडं डिझेलही विहिरीच्या पाण्याला महिनोन्‌महिने वास आणतं. म्हणून पिंपाखाली काँक्रीटचा लहानसा हौद करा, किंवा कॅनखाली प्लॅस्टिकचा टब ठेवा; सर्वांत मोठ्या भांड्यातलं सगळं सांडलं तरी मावेल आणि वर थोडी जागा उरेल एवढा. पावसाचं पाणी त्यात भरणार नाही एवढं छप्पर हवं. शेजारी तुसाचं किंवा काथ्याच्या भुशाचं एक पोतं. सांडलं की त्यावर पसरायचं, पाण्याने धुवायचं नाही. धुतलं तर ते थेट पाटात.

साप येऊ नयेत म्हणून घराभोवती डिझेल शिंपडणं, वाळवीच्या वारुळात ओतणं, हे उद्योग गावात चालतात. त्यातलं निम्मं आपणच पुढे पितो.

नदीकाठच्यांसाठी आणखी एक. जुलै २०२१ च्या पुरात म्हादईच्या आणि वाळवंटीच्या काठच्या घरांत पाणी शिरलं. डिझेलने भरलेलं पिंप पाण्यात बुडत नाही, तरंगतं. हिशेब करा: दोनशे लिटर डिझेल एकशे सहासष्ट किलो, पिंप अठरा किलो, एकूण एकशे चौऱ्याऐंशी, आणि ते बाजूला सारतं दोनशेहून जास्त किलो पाणी. पुरात ते बूच वर-खाली करत वाहत जातं आणि कुठल्यातरी साकवाला आपटतं. भिंतीतल्या कडीला साखळीने बांधून ठेवा.

आणायचं कसं

प्लॅस्टिकच्या बाटलीत, साध्या कॅनमध्ये पंपवाले देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. नीट झाकणाचा, इंधनाचाच कॅन घेऊन जा, शेतीसाठी हवं म्हणून सांगा. मापाची शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा म्हणायचा हक्क ग्राहकाला आहे. घनताही तपासून मागता येते.

भरताना कॅन जमिनीवर ठेवा. पिकअपच्या हौद्यात, ताडपत्रीवर किंवा प्लॅस्टिकच्या चटईवर ठेवून भरू नका. द्रव वेगाने वाहताना स्थिर वीज तयार होते. कॅन जमिनीला टेकलेला असला तर ती निघून जाते. चटईवर असला तर साचून राहते आणि ठिणगी पाडते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून, सावकाश. ज्या कॅनमध्ये काल पेट्रोल होतं त्यात आज डिझेल, हे तर विशेष टाळा. डिझेलवर पेट्रोलची वाफ साचली की ते मिश्रण पेट्रोलइतकंच भडकतं.

स्कूटरच्या पायाशी वीस लिटरचा कॅन ठेवून येणारे रोज दिसतात. तो कॅन सतरा-अठरा किलोंचा. वळणावर तो एका बाजूला झुकतो आणि पाय टेकायला जागा उरत नाही. स्कूटरवर आणायचंच असेल तर दहा लिटर, मागे दोरीने दोन ठिकाणी बांधून. गाडीत आणायचं तर डिकीत उभं, बांधून, काचा उघड्या. एसी लावून काचा बंद केल्या तर वाळपई येईपर्यंत डोकं उठतं. पिंप पिकअपमधून येत असेल तर केबिनला टेकवून, उभं, बूच वर, दोराने आवळून. अर्ध्या पिंपातलं डिझेल ब्रेक लागला की पुढे धावतं, म्हणून अर्धं पिंप पूर्ण पिंपापेक्षा जास्त उनाड. उतरवताना फळीवरून जुन्या टायरवर. एकशे चौऱ्याऐंशी किलो कुणी झेलू नये.

कदंबाच्या बसमधून पिशवीत लपवून आणू नका. रेल्वेत तर गुन्हाच आहे: रेल्वे कायदा १९८९, कलम १६४, धोकादायक वस्तू नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दिवाडी-चोडण बेटांवरच्या लोकांना फेरीबोट चुकत नाही. गर्दीची वेळ सोडा, बोटीवरच्या माणसाला आधी सांगा, इंजिन बंद, शेजारी कुणी विडी पेटवत नाही ना ते बघा.

जीवावर बेततं ते

तीन गोष्टी, आणि यात मी सूट देत नाही.

पाइप तोंडात धरून डिझेल ओढणं. गावात प्रत्येकाने केलेलं असतं. घोट पोटात गेला तर त्रास होतो, पण खरा धोका श्वासात गेलेल्या चार थेंबांचा. डिझेल पातळ, ते फुप्फुसात पसरतं आणि न्यूमोनियासारखी सूज आणतं. कुणी गिळलंच तर मीठ-पाणी पाजून ओकवू नका. ओकताना ते परत वर येतं आणि फुप्फुसात जातं. तसंच दवाखान्यात न्या. रबरी फुग्याचा हातपंप अगदी स्वस्तात मिळतो.

रिकामं पिंप कापणं. अंगणातल्या चुलाण्यासाठी, कचरा जाळायला म्हणून रिकामं पिंप वेल्डरकडे नेतात. भरलेल्या पिंपापेक्षा हे जास्त घातक. आत द्रव नसतो, वाफ आणि हवा असते, आणि बाँबला तेवढंच लागतं. धुतलं तरी शिवणीत डिझेल राहतं. गॅस कटरने तापलं की त्याची वाफ होते आणि झाकण उडतं. कापलेलं पिंप हवं असेल तर तेलाचं नसलेलं घ्या.

आणि आग लागलीच तर पाणी नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं, आग घेऊन पसरतं. वाळू, किंवा कोरड्या पावडरीचा अग्निशामक, आणि ११२ ला फोन. अग्निशामक पिंपाला टेकवून ठेवू नका, दाराशी ठेवा. आग लागल्यावर पिंपापर्यंत कोण जाणार?

उरला प्रश्न त्या माझ्या बिघडलेल्या डिझेलचा. एकशे तीसेक लिटर होतं. पिंप दोन दिवस अजिबात हलवलं नाही. मग तळापासून चार बोटं वर पाइप ठेवून वरचं कॅनमध्ये घेतलं, दाट सुती कापडातून गाळलं, बरणीत बघितलं, आणि नव्या डिझेलमध्ये थोडं थोडं मिसळून पॉवर टिलरला घातलं. जनरेटरला नाही, त्याच्यावरचा माझा विश्वास गेला होता, त्याचा माझ्यावरचाही असावा. तळाचं पंधरा लिटर, पाणी, गंज आणि लगदा, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला दिलं, जिथून जुनं इंजिन ऑइल गोळा करणारा घेऊन जातो. मेकॅनिकने फिल्टर बदलला, टाकी रिकामी करून पुसली, एअर काढली आणि नोझल साफ केला. बिल झालं ते पिंपातल्या सगळ्या डिझेलच्या निम्म्या किमतीएवढं. जाताना तो पिंपाभोवती एक फेरी मारून आला, वरच्या झाकणात साचलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघून हसला.